बीदरी हुक्क्याची पारख

दोन वर्षांपूर्वी रमजान ईदच्या तिसऱ्या-चौथ्या दिवशी आमच्या उदगीरच्या घरी जुन्या वस्तू विकत घेणारा एक माणूस आला. आमच्याकडे दादीच्या वेळचा बीदरी हुक्का आहे, हे त्याला कुठून तरी कळले होते. हुक्का म्हणजे आता फक्त खालचे पाण्याचे भांडे उरले आहे. नळी, चिलीम, मुनाल सगळे कधीच गेले. अब्बांनी कपाटावरून ते भांडे काढून त्याच्यापुढे ठेवले. त्याने ते हातात घेतले, उलटसुलट केले, खिडकीकडे नेले आणि म्हणाला, "मास्टरनी बाजी, ये तो बहमनी माल है. बादशाहों के वक्त का." अब्बांचा चेहरा एकदम उजळला. पण पुढच्याच क्षणी त्या माणसाने भांड्याची दुसरी बाजू समोर धरली आणि जीभ टाळूला लावून चक् असा आवाज केला. त्या बाजूच्या दोन फुलांतली चांदी गेलेली आहे. "पण इथे खराब झालंय. भाव निम्मा."

अब्बांनी विकायला नकार दिला. माणूस चहा पिऊन निघून गेला. पण त्याची दोन वाक्ये माझ्या डोक्यातून जाईनात. पहिले, हा माल बहमनी आहे. दुसरे, तो खराब झाला आहे. मी उर्दू माध्यमाच्या शाळेत इतिहास शिकवते. रोज मुलांना सांगते की ऐकीव गोष्टीला पुरावा विचारा. मग स्वतःच्या घरातल्या वस्तूला हा प्रश्न मी आजवर का विचारला नव्हता? त्यानंतरच्या सुट्ट्यांत मी पुस्तके चाळली, हैदराबादला जाऊन सालारजंग संग्रहालय पाहिले, आणि बीदरला तर तीन वेळा गेले. त्यातून जे हाती लागले ते इथे मांडते. जुन्या घरांतून अशी भांडी अजून कपाटावर, माळ्यावर पडून आहेत. कुणाला तरी उपयोग होईल.

पहिले वाक्य आधी घेऊ. 'बहमनी हुक्का' असे काही असू शकते का?

बहमनी सुलतान अहमदशाह वली याने पंधराव्या शतकाच्या पूर्वार्धात राजधानी गुलबर्ग्याहून बीदरला आणली. बीदरी कला त्याच्याच काळात इराणी कारागिरांनी इथे आणली, अशी परंपरागत समजूत आहे. महमूद गवानचा प्रसिद्ध मदरसा १४७२चा. सोळाव्या शतकाच्या पूर्वार्धात ही सल्तनत संपली आणि दख्खनमध्ये पाच राज्ये उभी राहिली. आता तंबाखूचे पाहू. तंबाखू हे अमेरिका खंडातले पीक. ते पोर्तुगिजांच्या जहाजांतून आपल्या पश्चिम किनाऱ्यावर उतरले आणि दख्खनमध्ये पसरले. उत्तरेत मोगल दरबाराला त्याची ओळख झाली ती थेट सतराव्या शतकाच्या सुरुवातीला. म्हणजे बहमनी सुलतानांच्या बैठकीत तंबाखूच नव्हता, तर हुक्का कुठून येणार? त्या काळाचा एखादा तांब्या, सुरई किंवा तबक कुणी दाखवले तर निदान विचार तरी करता येईल. 'बहमनी हुक्का' मात्र तारखांच्या हिशेबातच बसत नाही. आणि संग्रहालयांत आज ज्या जुन्या बीदरी वस्तू दिसतात, त्यांतल्या बहुतेक सतराव्या शतकापासून पुढच्याच आहेत.

मोगल दरबारात तंबाखू कसा पोहोचला याची हकीकत मोठी मजेदार आहे, आणि तिचा धागा आपल्या दख्खनशी आहे. अकबराने असद बेग कझवीनी नावाच्या आपल्या सरदाराला विजापूरला आदिलशाहाकडे पाठवले होते. तिथे त्याने तंबाखू पाहिला. परतताना, १६०४-०५च्या सुमारास, तो बरोबर घेऊन आला. बादशहापुढे ठेवायला त्याने एक जडावाची नळी तयार करवली. तिची लांबी तीन हात, दोन्ही टोकांना रत्ने आणि मीनाकाम, तोंडाशी यमनी अकीकाचा मुनाल, आणि तंबाखू पेटवायला सोन्याचे पात्र. हे सारे त्याने स्वतःच लिहून ठेवले आहे. अकबराने कुतूहलाने दोन-चार झुरके घेतले. हकीम मध्ये पडला. हे नवे औषध आपल्या ग्रंथांत नाही, त्याचे गुणदोष माहीत नाहीत, हुजुरांनी घेऊ नये, असे त्याचे म्हणणे. असद बेगने वाद घातला की जगातली प्रत्येक रीत कधीतरी नवीच होती. अकबराने पुढे तंबाखू घेतला नाही, पण असद बेगने तो अमीर-उमरावांत वाटला आणि बघता बघता त्याची चटक लागली. १६१७मध्ये जहांगीरने तंबाखूबंदीचा हुकूम काढला. इराणच्या शाह अब्बासनेही तशीच बंदी केली होती. दोन्ही हुकूम कागदावर राहिले. जहांगीरचा इराणमधला वकील खान आलम हा स्वतःच इतका तंबाखूबाज होता की शाहाला त्याच्यापुरती सूट द्यावी लागली.

इथे आणखी एक ऐकीव गोष्ट तपासून पाहण्यासारखी आहे. हुक्क्याचा शोध अकबराच्या दरबारातल्या हकीम अबुल फतह गिलानी याने लावला, धूर पाण्यातून गेला की निर्दोष होतो अशी त्याची कल्पना होती, असे अनेक पुस्तकांत लिहिलेले असते. मीही वर्गात तसेच सांगत आले. पण हकीम गिलानी वारला १५८९मध्ये. असद बेगने तंबाखू आणला त्यानंतर पंधरा वर्षांनी. आणि असद बेगच्या वर्णनात नळी आहे, मुनाल आहे, पण पाण्याचे भांडे नाही. तेव्हा गिलानीचे नाव या शोधाला नंतर चिकटवले गेले असावे, असेच मानणे बरे. आपल्याला प्रत्येक गोष्टीला एखादे दरबारी नाव लावल्याशिवाय चैन पडत नाही. राहता राहिला धूर. पाण्यातून गेल्याने तो गार होतो, निर्दोष होत नाही. हे आज कोणताही डॉक्टर सांगेल.

'हुक्का' हा शब्द मूळ अरबी. अर्थ लहान डबी, कुपी. म्हणजे नाव पडले ते भांड्यावरून. पहिले भांडे मात्र धातूचे नव्हते, नारळाच्या करवंटीचे होते. पश्चिम आशियात हुक्क्याला नारगिले म्हणतात, तो शब्द नारळावरूनच आला. आपल्याकडची गुडगुडी हे नाव पाण्याच्या आवाजावरून. करवंटीची गुडगुडी गरिबाघरी परवापरवापर्यंत होती. श्रीमंतांनी तोच आकार काच, तांबे, चांदी, जेड आणि बीदरीत घडवून घेतला. म्हणूनच सतराव्या शतकातले हुक्के नारळासारखे गोल असतात. गोल भांडे जमिनीवर नीट बसत नाही, म्हणून त्याच्याखाली कडे ठेवावे लागे. अठराव्या शतकाच्या मध्यापासून घंटेच्या आकाराचे, रुंद सपाट बुडाचे भांडे आले. त्याला कड्याची गरज नाही, आणि लांब पेचवान नळी ओढली तरी ते कलंडत नाही. जुन्या हुक्क्याचा काळ ठरवताना पहिली नजर आकारावर टाकायची ती यासाठी. गोल असेल तर बहुधा जुना, घंटेसारखा असेल तर त्यानंतरचा. आमचा घंटेसारखा आहे. म्हणजे बहमनी तर सोडाच, तो औरंगजेबाच्या काळातलाही नाही.

खरे सांगायचे तर हे कळले तेव्हा मला थोडे वाईट वाटले. अब्बांना तर मी महिनाभर सांगितलेच नाही.

बीदर उदगीरपासून बसने दोन तासांच्या आत येते. १९५६पर्यंत आमचे उदगीर बीदर जिल्ह्यातच होते. त्या वर्षी १ नोव्हेंबरला राज्यपुनर्रचना झाली. बीदर म्हैसूर राज्यात गेले. उदगीर, निलंगा, अहमदपूर हे तालुके मुंबई राज्यात येऊन उस्मानाबाद जिल्ह्याला जोडले गेले आणि १९८२मध्ये लातूर जिल्हा झाला. मध्ये राज्याची सीमा आली, पण सोयरिकी तुटल्या नाहीत. माझी एक खाला बीदरलाच दिलेली आहे. तिच्या ओळखीने एका बुजुर्ग कारागिराच्या कारखान्यात बसायला मिळाले. कारखाना म्हणजे दहा बाय बाराची खोली.

बीदरी भांडे पाहून लोकांना वाटते की ते लोखंड असेल. मुळात ते जस्त आहे. आजचे कारागीर साधारण सोळा भाग जस्ताला एक भाग तांबे घालतात. जुन्या भांड्यांत थोडे शिसे किंवा कथीलही सापडते. माती, एरंडेल आणि राळ एकत्र करून साचा करतात आणि त्यात वितळलेला धातू ओततात. निघालेले भांडे पांढुरके, खडबडीत असते. ते कानशीने घासून गुळगुळीत करतात. मग मोरचुदाच्या पाण्याचा हात फिरवून तात्पुरते काळे करतात, म्हणजे त्यावर ओढलेली रेघ पांढरी उमटते. नक्षी हातानेच काढायची, छापून नाही. मग छिन्नी आणि लहानशी हातोडी घेऊन त्या रेघेवर खाचा पाडायच्या. चांदीची तार बसवायची असेल तर त्या कामाला तारकशी म्हणतात. फुलाची पाकळी, पान यांसाठी चांदीचा पत्रा कापून बसवतात, त्याला तहनिशान म्हणतात. खाच वरून अरुंद आणि आत किंचित रुंद ठेवतात, त्यामुळे ठोकलेली चांदी आत पसरून पक्की अडकते. डिंक नाही, डाग नाही.

शेवटची करामत काळ्या रंगाची. बीदरच्या किल्ल्यातल्या, वर्षानुवर्षे ऊन-पाऊस न लागलेल्या जागेची माती आणतात. ती नवसागराबरोबर पाण्यात उकळतात, आणि भांडे त्यात घालून ती माती त्यावर चोळतात. जस्त-तांब्याचा अंश काळाकुट्ट होतो. चांदीवर त्याचा काही परिणाम होत नाही. मग धुऊन तेलाचा हात फिरवला की अमावस्येच्या आभाळात चांदण्या उगवाव्यात तशी नक्षी वर येते. तो कारागीर माती जिभेवर ठेवून बघत होता. चांगली माती कोणती ते चवीवरून कळते म्हणाला. त्याच दुपारी किल्ल्यातला रंगीन महल पाहिला. तिथे काळ्या दगडात शिंपल्याचे तुकडे जडवलेले आहेत. काळ्यावर पांढरे उठवण्याची आवड या गावाच्या डोळ्यांतच आहे, असे वाटून गेले.

आता पारख. मी काही जाणकार नव्हे. पण त्या बुजुर्गाने, आणि संग्रहालयांतल्या काचांपुढे तासनतास उभे राहून माझ्या नजरेने जे शिकवले, ते सांगते.

भांडे आधी हातात घ्यावे. बीदरी जड असते. आकाराच्या मानाने हलके लागले तर आत अॅल्युमिनियम असू शकते आणि वर काळा रंग. लोहचुंबक लावून पाहावे. चिकटले तर ते लोखंड आहे, बीदरी नाही. पडून तांब्या-पितळेसारखी पोचट आली असेल तरी शंका घ्यावी. ओतीव जस्त ठिसूळ असते, ते पोचण्याऐवजी तडकते.

मग काळा रंग पाहावा. खरा काळा रंग धातूच्याच अंगावर चढलेला असतो. तो नखाने पापुद्र्यासारखा निघत नाही. चकचकीत, बुटाच्या पॉलिशसारखा काळा असेल तर तो परवा लावलेला आहे. जुना काळा मंद असतो, हाताळून हाताळून उंचवट्यांवर थोडा उतरलेला असतो आणि खोबणीत गडद राहिलेला असतो.

तिसरी गोष्ट जडाव. डोळे मिटून अंगठा फिरवावा. चांगल्या तारकशीत चांदी कुठे सुरू झाली आणि काळे कुठे संपले ते बोटाला कळत नाही. हलक्या कामात तार वर उचललेली लागते, कडेला फट असते आणि त्यात मळ साचलेला असतो. पण नुसती सपाटी हीच कसोटी धरू नये. लखनौच्या कामात जरबुलंद म्हणून उठावाची पद्धत आहे, तिथे फुले मुद्दामच वर आलेली असतात, आणि अवधचे मासे दिसले की ते काम तिकडचे असावे असा अंदाज बांधता येतो. बिहारमधल्या पूर्णियातही हे काम होत असे. शिवाय प्रत्येक जुना जडाव चांदीचाच असतो असेही नाही. सतराव्या शतकातल्या काही सुंदर हुक्क्यांवर पितळेची फुले आहेत. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात असा एक गोल हुक्का आहे, काळ्यावर पिवळी आयरिसची फुले.

चौथी कसोटी मला सगळ्यांत आवडते, कारण तिथे कारागीर पकडला जातो. भांडे गोल. नक्षी एका जागी सुरू होऊन फिरून त्याच जागी यायची. हुशार नक्काश आधी मनात घेराचे समान भाग पाडतो, मग शेवटचे फूल पहिल्या फुलाशेजारी बरोबर बसते. कच्च्या हाताचे शेवटचे फूल दोघांच्या मध्ये चेंगरलेले असते, किंवा मोकळी जागा भरायला तिथे जास्तीचे पान घुसवलेले असते. दुकानात भांड्याची चांगली बाजू समोर ठेवतात. आपण ते सावकाश पूर्ण फिरवावे आणि नक्षीचा सांधा शोधावा.

पाचवी, झीज. वापरलेले भांडे खोटे बोलत नाही. शंभर वर्षे फरशीवर सरकलेल्या भांड्याची बुडाची कड घासलेली असायलाच हवी. गोल हुक्क्याच्या बुडाशी कड्याची गोल खूण असते. आत डोकावावे. पाणी राहून राहून तिथे थर बसलेला असतो, जस्ताला पांढरा गंज आलेला असतो. बाहेर जुनाट आणि आत नवे कोरे असेल तर ते जुनाटपण तयार केलेले आहे. अनेक हुक्क्यांचे पुढे फुलदाण्या आणि दिव्यांचे खांब झाले. त्यामुळे बुडाला नवे भोक आहे का तेही पाहावे. आणि कुणी 'पूर्ण हुक्का' म्हणून चिलीम, नैचा, सरपोशासह विकत असेल तर प्रत्येक तुकडा वेगळा तपासावा. नैचा म्हणजे लाकूड, वेत आणि कापड. तो वर्षा-दोन वर्षांनी बदलावाच लागे, त्यासाठी नैचाबंद नावाचे वेगळे कारागीर असत. सगळे भाग जन्मापासून एकत्र राहिलेला हुक्का फार क्वचित सापडतो.

या पाच कसोट्यांवर आमच्या हुक्क्याचे काय झाले? वजन ठीक. चुंबक चिकटत नाही. तारकशी बोटाला लागत नाही, काम चांगले आहे. पण घेरावर खसखशीची आठ रोपे आहेत आणि आठवे रोप इतर सातांपेक्षा स्पष्टपणे बारीक आहे. नक्काशाचा हिशेब चुकला. बुडाची कड घासलेली, आत पांढरा थर. बुजुर्ग कारागिराचे म्हणणे पडले की माल अंदाजे दीडशे वर्षांचा असावा, मध्यम प्रतीचा. "बादशाही नक्को बाजी, बाजारी है. मगर सच्चा है." काळा रंग मात्र जवळजवळ राखाडी झाला होता. त्याने विचारले, हे कशाने घासता?

मी मान खाली घातली. दरवर्षी दोन्ही ईदांच्या आधी अम्मी घरातली सगळी भांडी चिंचेने घासून काढायच्या. त्यांत हा हुक्काही असे. लहानपणी मी स्वतः चिंचेचा गोळा आणि राख घेऊन तो घासला आहे, आणि पांढरा होतोय म्हणून खूश झाले आहे. आंबट पदार्थ जस्ताला खातो. आम्ही माया म्हणून जे केले, त्याने भांड्याची कातडी गेली. तेव्हा ज्यांच्याकडे बीदरी आहे त्यांना हात जोडून सांगणे की चिंच, लिंबू, पितळेचे पॉलिश काही लावू नका. कोरडे मऊ फडके आणि कधीतरी खोबरेल तेलाचा एक थेंब, एवढे पुरते.

त्या दिवशी कारागिराने भांडे फिरवले आणि चांदी गेलेली दोन फुले समोर आली. मी आधीच सांगून टाकले, हे खराब झालेले आहे. तो काही बोलला नाही. भिंग घेतले, रिकाम्या खाचांवर बराच वेळ धरले आणि मग ते माझ्या हातात दिले. "चांदी गयी तो गयी. खांचा देखो, खांचा." मी पाहिले. पाकळीची खाच सर्वत्र सारख्याच खोलीची होती, कडा आत वळलेल्या, तळाशी छिन्नीचे बारीक बारीक घाव एका ओळीत. चांदी असताना हे कधीच दिसले नसते. भरलेल्या फुलात चांदी दिसते, रिकाम्या फुलात हात दिसतो.

त्या खाचा रिकाम्या कशा झाल्या हे मला दादीने सांगितले होते. दादी २००९मध्ये गेल्या. हा हुक्का त्यांच्या सासऱ्यांचा, म्हणजे माझ्या पडदादांचा. ते नवाब नव्हते, जहागीरदार नव्हते. तहसिलीच्या दारात बसून लोकांचे अर्ज उर्दूत लिहून देणारे अर्जनवीस होते. एका जहागीरदाराच्या घरचे सामान निघाले तेव्हा त्यांनी हा हुक्का जुना म्हणून घेतला होता. संध्याकाळी बैठकीत सगळ्या जातींचे पक्षकार येत, हुक्का फिरे.

१९४८च्या सप्टेंबरात हैदराबाद संस्थानात भारतीय फौजा आल्या. त्याआधी रझाकारांनी जे अत्याचार केले ते आपल्या भागातल्या कुणाला सांगायला नकोत, आणि ते झाकण्याचे कारणही नाही. पण त्यानंतरच्या आठवड्यांत खेड्यापाड्यांतल्या ज्या मुसलमानांचा रझाकारांशी संबंध नव्हता, त्यांच्यावरही सूड उगवला गेला. पंडित सुंदरलाल आणि काझी अब्दुल गफ्फार यांच्या समितीने त्याच वर्षाअखेर या भागात फिरून अहवाल दिला. सर्वांत जास्त झळ लागलेल्या जिल्ह्यांत तिने उस्मानाबाद, गुलबर्गा, नांदेड आणि आमचे बीदर ही नावे नोंदवली. कमीत कमी २७ ते ४० हजार माणसे मारली गेली, असा तिचा अंदाज होता. तो अहवाल अनेक दशके लोकांसमोर आला नाही.

आमच्या घरच्यांना शेजारच्या लिंगायत कुटुंबाने आपल्या बळदात ज्वारीच्या पोत्यांमागे लपवले. दादी तेव्हा सोळा वर्षांच्या, नुकत्याच लग्न होऊन आलेल्या. बाहेर आल्या तेव्हा घर धुऊन गेलेले. हुक्का चुलीच्या राखेत पडलेला सापडला, काळा म्हणून कुणाला दिसला नसावा. पडदादांचे काम गेले होते. उर्दूतले अर्ज आता कोण लिहून घेणार? घरात दाणा नव्हता. दादींनी रात्री दिव्याजवळ बसून गोधडी शिवायच्या दाभणाने एकेक पाकळी उचकटली. तोळाभरही चांदी निघाली नसेल. ती सोनाराला दिली आणि ज्वारी आणली. तिसरे फूल काढायला घेतले तेव्हा सासऱ्यांनी हात धरला. म्हणाले, बस बेटी, बाकीची राहू दे.

एवढेच. दादी हे रडत सांगत नसत. "उस वक्त इसी ने खिलाया", एवढे म्हणून पदराने भांडे पुसत. वस्तू विकत घेणाऱ्याला ते 'खराब' दिसते. त्याचा दोष नाही, बाजाराची तीच रीत आहे. पण इतिहासाच्या शिक्षिकेने काय म्हणावे?

मला वाटते, आपल्या समाजाने आपल्या इतिहासाची पारख अब्बांसारखी केली आहे. 'बादशाही' म्हटले की चेहरा उजळतो. आपण सुलतानांची, नवाबांची नावे पाठ करतो, आणि त्यांच्या नावाचे ओझे म्हणून दुसरे जे बोलतात तेही मुकाट ऐकतो. आमच्या घरात बादशाह कधी आला नाही. अर्जनवीस होते, दाभण हातात घेतलेली एक सोळा वर्षांची सून होती. आणि त्यांच्याही आधी जस्त ओतणारा, कानशीने घासणारा, नक्षी काढणारा, चांदी ठोकणारा अशी माणसे होती. बीदरी वस्तूंवर कारागिराची सही सहसा नसते. या कामात मुसलमानांबरोबर लिंगायत कारागीरही होते. आमच्या हुक्क्यावरची आठ रोपे कुणाच्या हातची, ते कधीच कळणार नाही. पण सातव्या रोपाशी येऊन आपला हिशेब चुकल्याचे लक्षात आल्यावर त्याने काय केले ते मला दिसते. त्याने आठवे फूल बारीक केले, पण पाकळ्या कमी केल्या नाहीत.

नावे अजिबात कुणी घेत नाही असेही नाही. १८५१च्या लंडनच्या महाप्रदर्शनात बीदरी वस्तू मांडल्या गेल्या, पण तिथे नाव झाले ते गावाचे. कारागिराला नावाने ओळखायला बराच काळ जावा लागला. २०२३मध्ये बीदरचे कारागीर शाह रशीद अहमद कादरी यांना पद्मश्री मिळाली. उदगीरच्या माझ्या वर्गात मी ती बातमी वाचून दाखवली तेव्हा मुलांनी विचारले, "मॅडम, हे काय बनवतात?" शंभर किलोमीटरच्या आतली गोष्ट आणि मुलांना ठाऊक नाही. त्यांना हुक्का म्हटले की पार्लर आठवते. आपल्या राज्यात २०१८च्या कायद्याने अशा पार्लरांवर बंदी आली, ते योग्यच झाले. हुक्का ओढावा असे माझे मुळीच म्हणणे नाही. धूर गेला ते बरेच झाले. पण धुराबरोबर भांडेही जाऊ नये.

आणखी एक व्यवहाराची गोष्ट. दुबईतल्या माझ्या चुलतभावाने हुक्का तिकडे मागवला होता, तिथे चांगला भाव येईल म्हणून. १९७२च्या पुरावस्तू कायद्याप्रमाणे शंभर वर्षांहून जुनी अशी वस्तू कुणाही खासगी माणसाला देशाबाहेर नेता येत नाही, आणि तिचा व्यापार करणाऱ्याकडे परवाना असावा लागतो. घरी वस्तू घ्यायला येणाऱ्याला परवाना विचारावा. बहुतेक जण चहासुद्धा न घेता निघून जातील.

अब्बांना शेवटी मी सगळे सांगितले. बहमनी नाही, मोगल नाही, दीडशे वर्षांचा, मध्यम प्रतीचा, आठवे फूल चुकलेले. ते थोडा वेळ गप्प बसले. मग भांडे मागून घेतले, चष्मा लावला आणि आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी ती आठ रोपे मोजली. आता कपाटावर त्याची रिकाम्या फुलांची बाजू पुढे असते. पाहुणे विचारतात, ही चांदी कुठे गेली? अब्बा सांगतात.